मुंबईचा खोकला

आमच्या आजीला नुसता खोकला ऐकून माणूस ओळखता यायचा. चुलीच्या धुराचा खोकला वेगळा, ताडीचा वेगळा, लावणीच्या दिवसांत भिजून झालेला वेगळा. या सगळ्यांवर तिच्याकडे अडुळशाचा काढा असे आणि काढ्याच्या आधी एक शिवी. एका खोकल्याला मात्र ती शिवी द्यायची नाही. हातातलं सूप खाली ठेवायची आणि हळूच विचारायची, "मुंबईला असतो काय हा?"

त्याला ती मुंबईचा खोकलाच म्हणे. क्षय, टीबी हे शब्द आमच्या घरात मोठ्यानं उच्चारायची पद्धत नव्हती. फार तर "त्याला ते झालंय", एवढंच. आणि 'ते' म्हणताना आवाज आपोआप खाली यायचा.

आता माणिकपूर म्हटलं की लोकांना वसई रोड स्टेशनबाहेरच्या रिक्षा आठवतात. मी सांगतेय त्या माणिकपुरात १६०६ सालचं संत मायकलचं चर्च होतं (आजी त्याला देऊळच म्हणायची), त्याच्या आजूबाजूला केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, वाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आणि लांबून ऐकू येणारी गाडी. त्या गाडीनंच आमचं सगळं ठरवलं. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली तशी मुंबई आणखी जवळ झाली. पहाटे पानांच्या, फुलांच्या, भाजीच्या टोपल्या जायच्या आणि त्यांच्यामागून घरातले जास्तीचे मुलगे. जास्तीचे म्हणजे ज्यांच्या वाट्याला वाडी पुरणार नव्हती ते.

आजोबांचे धाकटे भाऊ असेच गेले. आम्ही त्यांना धाकले बाबा म्हणत असू. आमच्याकडची बरीचशी माणसं रेल्वेच्या नाही तर सरकारी नोकरीला चिकटायची. हे गेले गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर. का, ते कुणी नीट सांगत नाही. आजीच्या मते मोठ्या भावाशी भांडण झालं होतं, आणि ते भांडण एका म्हशीवरून होतं. धाकले बाबा म्हणत, म्हैस कधी नव्हतीच.

सुरुवातीला ते रोज गाडीनं जायचे. रातपाळी लागली तशी लालबागला राहू लागले. खोली गावकीची होती, म्हणजे कोकणातल्या एका गावानं मिळून भाड्यानं घेतलेली. बाबा त्या गावचे नव्हते, त्या जातीचे नव्हते, त्यांचा देवही वेगळा. पण साचेखात्यातल्या एका दोस्ताच्या वशिल्यानं त्यांना तिथं वळकटी टाकायला मिळाली. वळकटी एक आणि माणसं दोन. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच उबेत आडवा व्हायचा. खोलीत माणसं किती होती? आजी म्हणे अठरा, माझे वडील म्हणत बारा. खुद्द बाबांना विचारलं तर म्हणायचे, "सगळे एका वेळी कधी दिसलेच नाहीत, मोजणार कसे?" खिडकी एकच होती, तीही थंडीत कुणीतरी गोणपाटानं बंद केलेली.

आम्ही वसईकर स्वतःला भूमिपुत्र म्हणवतो. आहोतच. पण लालबागच्या त्या खोलीत धाकले बाबा परगावचेच होते, हे मला बरंच उशिरा सुचलं.

जेवण खानावळीचं. खानावळवाल्या बायांबद्दल ते कधी वावगं बोलत नसत. घरचं माणूस सांभाळून वर वीस-पंचवीस जणांना रांधून घालायचं, आणि महिना भरेपर्यंत पैशाचं तोंड बघायचं नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेची दारं उघडून दिली. ती बातमी बाबांनी पेपरातून आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवल्याचं मला आठवतं, किंवा पुढच्या कुठल्यातरी वर्षी दुसऱ्याच एखाद्या बातमीला ते म्हणाले असतील, "ह्या बायांनी मुंबई जगवली." वाक्य त्यांचंच, एवढं नक्की.

साच्याबद्दल सांगताना ते ओठांचा चंबू करून दाखवायचे. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक एका बारीक भोकातून बाहेर काढावं लागे, आणि ते काढायचं तोंडानं. धोटा ओठांना लावायचा, आत श्वास ओढायचा, की सूत जिभेवर. सुताबरोबर कापसाची धूळ, आणि आधीच्या पाळीत ज्यानं तो धोटा ओढला असेल त्याची थुंकी. दिवसातून किती वेळा? बाबा नुसता हात हलवत. याच तोंडाच्या सुतापायी दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत. विटाळ होतो म्हणून. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. आमच्याकडे जेवणाच्या पंगतीत एकदा कुणीतरी म्हणालं, नाही घेतलं तेच बरं, त्यांची छाती तरी वाचली. धाकले बाबा कधी नव्हे ते चिडले. म्हणाले, "छाती कुणाची वाचली नाही. त्यांना पगार तेवढा कमी मिळाला."

धोट्यानं क्षय पसरतो की काय, यावर तिकडे विलायतेतही डॉक्टरांनी पुष्कळ डोकं खाजवलं. मला विचाराल तर धोट्यापेक्षा ती गोणपाट लावलेली खिडकी जास्त दोषी.

ते घरी परतले ते साल नक्की नाही. आजीच्या हिशेबात गांधीजी गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. संध्याकाळ झाली की अंगात बारीक ताप, रात्री घामानं गोधडी ओली आणि समोर भाकरी ठेवली तर नको. मग एके दिवशी रुमालावर लाल ठिपका. त्या वेळी धावपळ न करता आजोबांनी फक्त एक केलं: वाडीच्या टोकाला, बावखलाजवळ, रहाट हाकणाऱ्या गड्यासाठी कुडाची एक खोप होती, ती शेणानं सारवून घ्यायला सांगितली.

बाबा त्या खोपीत दोन पावसाळे राहिले. ताट वेगळं, वाटी वेगळी, इनॅमलचा कप वेगळा. कप बाहेर मेढीला खिळ्यावर टांगलेला. मुलांना तिकडे जायची बंदी. आत्याचं लग्न ठरत आलं होतं, ते या खोपीपायी लांबलं, आणि तिकडच्यांनी कारण मात्र दुसरंच सांगितलं.

आता डॉक्टर सांगतात ते असं. क्षयाचे जंतू छातीत असलेल्या माणसाच्या खोकण्याबरोबर, बोलण्याबरोबर हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ताटा-वाटीतून हा रोग जात नाही, कपड्यातून जात नाही, हात मिळवल्यानं जात नाही. उन्हानं आणि खेळत्या वाऱ्यानं त्याचं बळ जातं. म्हणजे आमच्या घरानं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं ते कपाचं सोवळं वाया, आणि माणूस नजरेआड राहावा म्हणून दिली ती चारी बाजूंनी वारा खेळणारी खोप, तीच काय ती बरोबर!

जेवण घेऊन जायचं काम आजीचं. ती नात्यानं त्यांची थोरली वहिनी, पण वयानं बरोबरीची. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण खोपीपाशी गेली की आधी केळीचं पान कुठे हलतंय ते बघायची आणि वारा पाठीवर येईल अशी बसायची. ताट ठेवून पळून यायची नाही. सगळं खाल्लं की नाही ते बघून उठायची. आणि खायला काय काय! सकाळी बदकाची दोन अंडी. (बदकं आमच्याकडे घरोघर, नाताळपर्यंत जगलेलं बदक विरळा.) शेळीचं दूध, सूर्य उगवायच्या आत उतरवलेली नीरा, दुपारी तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचा रस. या रसासाठी ती चिंबोऱ्यांचे नांगे आणि पाय पाट्यावर ठेचायची, कपड्यातून गाळायची आणि त्या पातळ पाण्यात बाटलीतला मसाला अगदी चिमूटभर, मिरी, लसूण. त्याचा वास खोपीपासून पार विहिरीपर्यंत यायचा असं माझे वडील सांगत. ते तेव्हा दहा-अकराचे. "आम्हाला वाटायचं, आपल्यालाही टीबी व्हावा." मधल्या वेळेला सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली ती तपकिरी सुकेळी, जिच्यातला मध बोटाला चिकटतो. आमच्या घरात त्या दोन वर्षांत सुकेळी विकली गेली नाही, हे आजोबांनी पुढे जन्मभर ऐकवलं.

औषधाची गोष्ट वेगळी. शाळेत शिकवणारी आमची आत्या, जिचं लग्न लांबलं तीच, हे सगळं एका दमात सांगायची आणि तिचं सुरू व्हायचं ते कल्याणपासून. कल्याणची आनंदीबाई जोशी. १८८३ मध्ये समुद्र ओलांडून गेली, फिलाडेल्फियाला डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेली. पुरती बावीसचीही नव्हती. त्याआधीच, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं या रोगाचा जंतू दाखवून दिला होता. म्हणजे चोर कोण ते कळलं, पण धरायला कुणी नाही, अशी साठ वर्षं गेली. १९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. आत्या इथं थांबून म्हणायची, "आनंदीबाईंना मिळालं नाही, आपल्या काकांना मिळालं." आणि मग आजीकडे बघायची, कारण ते मिळालं आजीच्या गळ्यातल्या सोन्याच्या पोतीवर. तेव्हा ते बाहेरून यायचं, महाग पडायचं आणि ओळखीशिवाय हाती लागायचं नाही. आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ते बनू लागलं, ते पुढे.

सुई टोचायला एक कंपाउंडर सायकलवरून यायचा. सुया साठ होत्या की नव्वद, यावर आमच्याकडे अजून दोन पक्ष आहेत. "बसायच्या जागेची चाळणी झाली," असं बाबा सगळ्यांसमोर सांगायचे आणि आजी तोंडाला पदर लावायची. त्या सुयांनी छाती बरी केली पण उजव्या कानात कायमचा रातकिडा ठेवून दिला. हे औषध कानाच्या नसा बिघडवतं, हे मला नंतर वाचनात आलं. बाबांना ते आधीच माहीत होतं. आम्ही हाक मारायला नेहमी डावीकडून जायचो. सुयांबरोबर 'पास' नावाची पूडही होती. ती इतकी कडू आणि इतकी पोटात ढवळणारी की ती घेण्यापेक्षा सुई बरी, असं त्यांचं मत. मिरजेला वानलेस सॅनेटोरियममध्ये पाठवायचंही एकदा घाटत होतं. पैसे कमी पडले, की नंबर लागला नाही, की आजीनंच "तिथं चिंबोऱ्या कुठल्या मिळायला?" म्हणून मोडता घातला; तिन्ही गोष्टी मी ऐकल्यात.

आजी चुकली नव्हती. १९५६ मध्ये मद्रासला सरकारनं एक केंद्र काढलं आणि तिथल्या गरीब, दाटीवाटीनं राहणाऱ्या रोग्यांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं: पलंग, विश्रांती, सकस जेवण. दुसऱ्याला त्याच्या घरीच औषध दिलं. १९५९ मध्ये निकाल छापून आला तेव्हा जगभर डॉक्टर चकित झाले. घरी राहून औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्यापासून घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. जगातली सॅनेटोरियमं हळूहळू बंद पडली त्यात मद्रासच्या त्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. १९६२ पासून आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तोही याच भरवशावर, की रोग्याला घर असतं आणि घरात कुणीतरी असतं.

घरात कुणीतरी. हेच मला पुढे सारखं अडत गेलं.

धाकले बाबा ऐंशीच्या पुढे जगले. मी पाहिले ते ताठ, सडपातळ, सकाळी उठल्याबरोबर घरातल्या सगळ्या खिडक्या उघडत फिरणारे. लग्न केलं नाही. आम्हा मुलांचे लाड पुष्कळ केले पण कधी कुणाचा पापा घेतला नाही. इनॅमलचा तो कप, ज्याचा टवका उडून काळा डाग पडला होता, ते शेवटपर्यंत स्वतःच विसळून वेगळ्या खुंटीला लावायचे. डॉक्टरांनी त्यांना कधीच बरं ठरवलं होतं. कपाला ते सांगायचं राहून गेलं.

आमच्या एका चुलतभावाची गोष्टही इथं सांगायला हवी. सत्तर-ऐंशीच्या दशकात वसईची मुलं आखातात निघाली. या भावाला नोकरी लागली, तिकिटाचं ठरलं, आईनं मसाल्याच्या बाटल्या बांधल्या, आणि 'गल्फचं मेडिकल' नावाच्या चाळणीत तो अडकला. छातीच्या एक्सरेत जुना, भरून आलेला डाग. लहानपणी कधीतरी होऊन गेलेलं, त्याचं त्याला ठाऊकही नव्हतं. अनफिट. तिकडच्या देशांच्या लेखी तो परगावाहून रोग घेऊन येणारा माणूस होता. आजही सहा महिन्यांच्या वर इंग्लंडला जाणाऱ्या आपल्या मुलांना क्षय नसल्याचा दाखला दाखवावा लागतो. तो दाखला काढताना घरात जो अपमान वाटतो, तो मी पाहिलाय. आणि तीच घरं नाक्यावर उभ्या असलेल्या मजुरांकडे बघून म्हणतात, "ह्यांनी आणला सगळा रोग."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव विस्कटलं. लालबाग-परळच्या खोल्या विकून किती माणसं नालासोपारा-विरारकडे आली! ८८ मध्ये सरकारनं वसईची शेतजमीन बांधकामाला मोकळी केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईवाले तिच्यासाठी रस्त्यावर उतरले, तो इतिहास वेगळा आणि मोठा. जमीन गेली तिथं गाळे आले. गोखिवरे, वालीव, सातिवली, आणि गाळ्यांमागे चाळी. चाळींत जौनपूर, आझमगड, दरभंगा, ओडिशा. २००९ मध्ये आमच्या चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली तोवर माणिकपुरात माणिकपूरचं माणूस शोधावं लागत होतं.

पत्र्याची दहा बाय दहाची खोली, पाच-सहा मुलं, पाळी सुरूच. बाबा असते तर त्यांनी आधी खिडकी कुठाय ते पाहिलं असतं.

माझी भाचेसून क्षयरोग विभागात काम करते. तिच्या स्कूटीवर मागे बसून मी एकदोनदा गेलेय, ती नको म्हणत असताना. तिच्याकडून कळलं की औषध आता सहा महिन्यांचं, फुकट आणि देशात कुठेही मिळतं. पहिले दोन महिने चार औषधं एका गोळीत, पुढचे चार महिने तीन. गोळ्या किती ते वजनावर: पस्तीस ते एकोणपन्नास किलोला तीन, त्याखाली दोन. लघवी केशरी होते, तेव्हा आधी सांगून ठेवावं लागतं, नाही तर रक्त समजून माणूस औषध टाकून देतो. पण खरी पंचाईत केशरी रंगाची नाही, ती बरं वाटण्याची. दीड-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, अंगात जीव येतो. जे जंतू भराभर वाढतात ते मेलेले असतात, दबा धरून बसलेले बाकी असतात. कमावायला आलेला माणूस मग म्हणतो, झालो की बरा. गावी लग्न निघतं, कापणी निघते, नाही तर ठेकेदार दुसऱ्या साइटवर पाठवतो. अर्ध्यात सोडलं की उरलेले जंतू त्याच औषधाला पुरून उरतात, आणि मग सहा महिन्यांच्या जागी महागडी, जास्त त्रासाची औषधं. मुंबईत हे किती चिघळलंय ते हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडियांनी २०११ च्या अखेरीस जगापुढे मांडलं, तेव्हा पुष्कळ खळबळ माजली होती.

तिच्या फॉर्मात पत्त्याचा रकाना आहे. त्यात ती लिहिते: 'पाण्याच्या टाकीमागची चाळ, निळा दरवाजा'. फोन मुकादमाचा. महिन्यानं दरवाजा हिरवा झालेला असतो आणि मुकादम बदललेला. २०१२ पासून 'निक्षय' नावाची सरकारी नोंद आहे, प्रत्येक रोग्याला नंबर; त्यावर दुसऱ्या राज्यातही औषध पुढे चालू राहतं. मध्ये काही ठिकाणी पाकिटातून गोळी फोडली की खाली एक फोन नंबर दिसायचा, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे गोळी घेतल्याची नोंद. कल्पक माणसाचं काम. पण मिस्ड कॉल द्यायला फोन आपला हवा.

वीटभट्टीवरची तर तऱ्हाच निराळी. ही माणसं परक्या राज्यातली नव्हेत, आपल्याच पालघरची: दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबंच्या कुटुंबं येतात. आगाऊ उचललेले पैसे फेडेपर्यंत विटा पाडायच्या, पावसाच्या तोंडाला परत. १९९२ मध्ये वावर-वांगणीला पोरं भुकेनं, आजारानं गेली तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं ज्यांचं नाव ऐकलं, तेच हे डोंगर. भट्टीवरचं घर म्हणजे कच्च्या विटा रचून वर पेंढा; आत वाकून जायचं. तिथली एक बाई भाचेसुनेनं मला दाखवली. वजन तेहतीस किलो. दोन गोळ्या. तिला दोन महिन्यांनी तोलली तर अडतीस भरली, म्हणून गोळ्या तीन झाल्या. बाई रडायला लागली. तिला वाटलं, दुखणं वाढलं. वजन वाढलं म्हणून गोळी वाढली, हे तिला पटवायला अर्धा तास गेला. पटल्यावर म्हणाली, "मग अजून वाढेन?"

वजनावरून आठवलं. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये झारखंडचा एक अभ्यास आला, डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांचा. रोग्यालाच नव्हे, त्याच्या घरच्यांनाही त्यांनी शिधा दिला. घरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, वर जीवनसत्त्वांच्या गोळ्या. तेवढ्यानं त्या घरांतून नवा क्षय सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. जगातले एक चतुर्थांश क्षयरोगी आपल्या देशात असताना हे केवढं मोठं! आजीला वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, "हे शोधायला झारखंडला कशाला गेले?" सरकार आता रोग्याच्या खात्यात पोषणाचे पैसे टाकतं, २०१८ पासून महिन्याला ५००, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार. खातं मात्र गावच्या बँकेत, कार्ड बायकोकडे, आणि तो इथं वडापाव खातोय. हजार रुपये वाईट नाहीत. पण सगळं खाल्लं की नाही ते बघून मग उठणारं कुणी त्या हजारात येत नाही.

आता घरची गोष्ट. जिथं ती खोप होती तिथं माझ्या भावानं सहा खोल्या काढल्यात. बावखल आधीच बुजलं होतं. खोल्यांना दार पुढे, मागे सरळ भिंत. गेल्या वर्षी तिसऱ्या खोलीतल्या जौनपूरच्या मुलाला खोकला लागला. तीन आठवडे झाले तरी जाईना, तेव्हा मीच त्याला भाचेसुनेकडे धाडलं. निघालं तेच. भाऊ म्हणाला, खोली रिकामी करायला सांगू. मी म्हटलं, धाकल्या बाबांना कुणी सांगितलं होतं काय? त्यावर तो गप्प बसला, पण भाडं वेळेवर मागायला चुकला नाही. त्याच्याबरोबरच्या चौघांचीही तपासणी झाली. ते निघाले बरे.

मी त्या मुलाला संध्याकाळी जेवायला बोलवू लागले. अंडं चालतं का विचारलं तर म्हणाला, "यहाँ चलता है." चिंबोरीचा रस समोर ठेवला तेव्हा वाडग्यात बराच वेळ बघत बसला आणि मग एका दमात प्यायला. दोन महिन्यांनी बहिणीचं लग्न निघालं. जायचंच होतं. भाचेसुनेनं महिन्याच्या गोळ्या बांधून दिल्या, तिकडच्या केंद्रात नाव चढवलं, आणि संपर्काच्या रकान्यात माझा नंबर घातला. मला न विचारता. तिकडून त्याच्या आईचा फोन आला. निम्मं मला कळलं नाही. तब्येत कशी सुधारली, काय खायला घालता, असं विचारत असावी. मी म्हटलं, "भाजी-रोटी, और दूध." चिंबोऱ्यांचं नाव काढलं नाही.

लग्न उरकून तो आला, गोळ्या चालू आहेत. तो नव्हता तेव्हा मी भावाच्या मागे लागून त्या सहाही खोल्यांच्या मागच्या भिंतीला खिडक्या पाडून घेतल्या. गवंड्याचे पैसे निम्मे मी दिले. आता संध्याकाळी सात वाजले की आतून पुठ्ठा लावून सगळ्या बंद. मी दार वाजवते, खिडकी उघडा म्हणते. आतून उत्तर येतं, "चाची, मच्छर." जाळी बसवायची तर भाऊ म्हणतो पुढच्या महिन्यात, आणि गवंडी म्हणतो जाळी हे सुताराचं काम.